प्लांट स्वॅपला रोपं न्यायची आहेत? मग कात्री आजच काढा

प्लांट स्वॅप म्हणजे एकदम साधा प्रकार, आपल्याकडे जास्तीची झालेली रोपं, कटिंग, बिया घेऊन जायच्या आणि दुसऱ्यांनी आणलेल्यातली आपल्याला हवी ती घेऊन यायची. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण काय करतात, आदल्या रात्री कात्री घेऊन कुंड्यांपाशी जातात, चार फांद्या छाटतात, पिशवीत कोंबतात आणि सकाळी निघतात. मग टेबलावर ती मान टाकलेली कटिंग तशीच पडून राहतात आणि शेजारी कोणीतरी आणलेलं अगदी साधं मनी प्लांट, पण व्यवस्थित मुळं धरलेलं, छोट्या कुंडीत बसलेलं, ते सगळ्यात आधी उचललं जातं. लोकांना दुर्मिळ झाड आवडतं हे खरंच, पण घरी नेल्यावर जगेल असं झाड त्याहून जास्त आवडतं. म्हणून तयारी निदान चार आठवडे आधी, जमलं तर सहा आठवडे आधी सुरू करायची. त्यातला बराचसा वेळ तुम्हाला काही करायचंच नसतं, झाड त्याचं काम करत असतं.

न्यायचं काय

आधी घरातल्या कुंड्यांवर एक नजर टाका. कुठली कुंडी भरून वाहतेय? स्पायडर प्लांटला लोंबणारी पिल्लं आलीत का, कोरफडीच्या बुडाशी छोटी छोटी कोरफड दिसतेय का, स्नेक प्लांट कुंडीला ढकलून फुगवायला लागलाय का, पुदिना किंवा गवती चहा मातला आहे का. हीच तुमची स्वॅपची झाडं. नवीन माणसाने मनी प्लांट, कोलियस, स्पायडर प्लांट, पुदिना, कोरफड यांच्यापासूनच सुरुवात करावी, ही सहज जगतात आणि घेणारा पण बऱ्याचदा नवीनच असतो. "हे तर सगळ्यांकडे असतं" असा संकोच करू नका, सगळ्यांकडे नसतं.

काय नेऊ नये ते पण सांगतो. आजारी किंवा कीड लागलेलं झाड अजिबात नाही, "घेणारा करेल काहीतरी" हा विचार फार वाईट. रानातून उपटून आणलेलं काही नाही. घाणेरी, जलपर्णी असली बाहेर पसरून दुसरं काही उगवू न देणारी झाडं नाहीत, जलपर्णी तर कितीही सुंदर फुलली तरी नाही. आणि विकत घेतलेल्या एखाद्या झाडाच्या टॅगवर या जातीची रोपं तयार करायला मनाई आहे असं छापलेलं असेल तर ते झाड घरीच राहू द्या.

संख्येच्या मागे लागू नका. वीस अर्धवट कटिंगपेक्षा पाच तयार रोपं कधीही बरी. मात्र करताना थोडी जास्त करा, कारण काही कटिंग सडतातच, कोणी कितीही अनुभवी असो.

कटिंग कुठून कापायचं, इथेच निम्मं काम होतं

देठावर जिथून पान फुटतं तो भाग म्हणजे डोळा, कोणी पेर म्हणतं, कोणी नोड म्हणतं. नवीन फांदी तिथूनच फुटते आणि मनी प्लांटसारख्या वेलींना मुळंही तिथूनच येतात. मनी प्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला कधीकधी मुळं येतात सुद्धा, महिनोन्महिने हिरवंगार राहतं, पण त्यातून वेल कधीच निघत नाही कारण डोळाच नाहीये. असली पानं स्वॅपला कोणाला देऊ नका, घेणारा सहा महिने वाट बघत बसतो बिचारा.

तर डोळ्याच्या साधारण एक सेंटीमीटर खाली कापायचं, कटिंगवर दोन-तीन डोळे आणि वर दोन-तीन पानं ठेवायची, पाण्यात किंवा मातीत जाणाऱ्या भागावरची पानं काढून टाकायची नाहीतर ती कुजतात आणि सगळं पाणी नासतं. कात्री आधी सत्तर टक्केवाल्या अल्कोहोलने पुसून घ्या आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा, कंटाळा येतो पण करा.

जास्वंदीसारख्या थोड्या लाकडी फांद्यांचं तंत्र वेगळं. एकदम कोवळा हिरवा शेंडा नको आणि जून झालेलं करडं लाकूड पण नको, मधलं घ्यायचं, पेन्सिलीइतकं जाड, दहा-पंधरा सेंटीमीटर लांब. पानं मोठी असतील तर अर्धी अर्धी कापून टाका, मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहिलं की फांदी वाळते म्हणून. आणि एक जुनी युक्ती, खालचा काप तिरका द्यायचा आणि वरचा सरळ. दहा काड्या एकत्र पडल्या की खालची बाजू कुठली ते खरंच कळत नाही, आणि उलटी लावलेली काडी सहसा जगत नाही, कारण मुळं आणणारं ऑक्सिन हे संप्रेरक फांदीत शेंड्याकडून बुडाकडे जातं आणि तिथल्या कापापाशी साठतं. जास्वंदीला महिना ते दीड महिना धरून चाला, त्यामुळे ही काडी सगळ्यात आधी लावायची.

पाण्यात की मातीत?

मनी प्लांट, कोलियस, पुदिना, तुळस ही पाण्यात मस्त मुळं धरतात. पुदिना आणि कोलियसला आठवडाभरातच दिसायला लागतात, मनी प्लांटला दोन ते चार आठवडे द्या. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलायचं, साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि बुड सडतं. भांडं उजेडात ठेवा पण थेट कडक उन्हात नको. काचेच्या पारदर्शक बाटलीत शेवाळं धरतं, बाहेरून कागद गुंडाळला की कमी होतं.

आता एक गोष्ट जी बरेच जण चुकवतात. पाण्यात आलेली मुळं आणि मातीतली मुळं सारखी नसतात, पाण्यातली नाजूक आणि ठिसूळ असतात. बाटलीत दहा इंचांचं मुळांचं जंजाळ होईपर्यंत वाट बघितली तर ते झाड मातीत गेल्यावर रुसतंच. मुळं तीन ते पाच सेंटीमीटर झाली, बारीक फाटे फुटायला लागले की लगेच मातीत लावा, आणि पहिले आठ-दहा दिवस माती नेहमीपेक्षा जरा जास्त ओलसर ठेवा, चिखल नाही, ओलसर. मग हळूहळू पाणी नेहमीवर आणा. हा सगळा बदल तुमच्या घरी व्हायला पाहिजे, घेणाऱ्याच्या घरी नाही. म्हणजे स्वॅपच्या निदान दोन आठवडे आधी रोप कुंडीत बसलेलं हवं.

थेट मातीत लावणार असाल तर मिश्रण हलकं ठेवा, दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत चालतं, पण ज्या काडीला अजून मुळंच नाहीत तिला खत नको, तिच्यासाठी कोकोपीटमध्ये थोडी जाड वाळू किंवा परलाइट (पांढरे, हलके खडे) पुरे. रूटिंग हार्मोनची पावडर लाकडी काड्यांना उपयोगी पडते, मनी प्लांटला वगैरे काही गरज नाही, उगाच.

मला विचाराल तर छोट्या रोपांसाठी सगळ्यात उत्तम कुंडी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास. बुडाला तीन-चार भोकं पाडायची, बास. मुळं भिंतीला आलेली बाहेरून दिसतात त्यामुळे तुम्हाला उपटून बघायचा मोह होत नाही, आणि टेबलावर घेणाऱ्याला सुद्धा समोर दिसतं की झाड तयार आहे. कागदी कप आठ-दहा दिवस ठीक, नंतर बुड लगद्यासारखं होतं आणि नेमकं गाडीत फाटतं.

ज्यांना पाणी द्यायचंच नाही ती

सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं), निवडुंग, कोरफडीची पिल्लं, देवचाफा यांना घाईने ओल्या मातीत खुपसायचं नाही. काप सावलीत उघडा ठेवून सुकू द्यायचा, त्यावर कोरडी खपली धरली पाहिजे. छोट्या सक्युलंटला दोन-चार दिवस, चाफ्याच्या जाड फांदीला आठवडा किंवा जास्त. चाफ्याला, शेर-निवडुंगाला चीक येतो, तो पूर्ण थांबू द्या, डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. मग कोरड्या भुसभुशीत मातीत लावून थोडे दिवस पाण्याविना ठेवा.

स्नेक प्लांटचं पान तुकडे करून लावता येतं पण त्याला मुळं यायलाच दीड-दोन महिने लागतात आणि नवीन कोंब त्याहून उशिरा. शिवाय पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट असेल तर पानापासून केलेलं रोप साधं हिरवं निघतं, पिवळा काठ जातो. तो काठ टिकवायचा असेल तर गड्डाच विभागावा लागतो. म्हणून पानाचं हिरवं कोंब देताना "पिवळ्या काठाचा" असं लिहू नका.

विभागणी हा खरं तर सगळ्यात भरवशाचा प्रकार, आणि ज्यांना उशीर झालाय त्यांच्यासाठी एकमेव. आदल्या दिवशी पाणी घाला, कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, हाताने सुटतंय तेवढं हाताने सोडवा, नाही सुटलं तर स्वच्छ सुरी. प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं आणि निदान एक जिवंत कोंब पाहिजे. दोन-तीन आठवडे सावलीत सावरू दिलं की झालं. गवती चहा विभागताना वरची पाती वीतभर ठेवून छाटून टाका. गुटी कलम, दाब कलम (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं आणून मग कापणं) येत असेल तर भारीच, मोगरा, डाळिंब सुंदर होतात, पण त्याला दीड-दोन महिने लागतात तेव्हा ते पुढच्या स्वॅपसाठी.

कीड तपासणी (हे वगळायचं नाही)

स्वॅपमधून झाडापेक्षा कीड जास्त वेगाने फिरते. एका माणसाच्या कुंडीतला मिलीबग एका दुपारी दहा घरांत जातो. त्यामुळे तुम्ही जे झाड देणार आहात त्याची आई पण तपासा, नुसतं पिल्लू नाही.

पानाच्या खालची बाजू आणि पान देठाला जिथे चिकटतं तो कोपरा, या दोन जागा. कोपऱ्यात पांढरं कापसासारखं दिसलं तर मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. देठावर तपकिरी, नखाने निघणारे टिकले असतील तर खवले कीड. शेंड्याला हिरवे-काळे बारीक किडे गर्दी करून असतील तर मावा. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि बारीक जाळी असेल तर कोळी कीड (स्पायडर माइट, घरातला कोळी नव्हे), ही डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर आहे. आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा वाढली असेल तर नुसत्या मुंग्या मारत बसू नका, मावा किंवा मिलीबग जो गोड चिकट द्राव सोडतात त्यासाठी त्या येतात, वर बघा कुठेतरी सापडेल.

थोडासा मिलीबग असेल तर कानातल्या काडीला अल्कोहोल लावून एकेक टिपून काढता येतो. बाकी मऊ किडींसाठी एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा लिक्विड साबण, चांगलं हलवून संध्याकाळी फवारायचं, पानांच्या खालून विशेष. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा, फर्न आणि पांढरी भुकटी असलेली सक्युलंट यांना सोसत नाही. एकदा फवारून काम होत नाही, अंड्यांवर याचा फारसा परिणाम होत नाही आणि उष्ण हवेत कोळी अंड्यापासून मोठा व्हायला जेमतेम आठवडा घेतो, म्हणून पाच-सात दिवसांच्या अंतराने तीनदा तरी. हिशोब करा, तीन फवारण्या म्हणजे दोन आठवडे गेले, आणि त्यानंतर पुन्हा काही दिसत नाही ना हे बघायला अजून आठवडा. आदल्या दिवशी मिलीबग दिसला तर ते झाड नेऊच नका, सरळ.

मातीकडे पण बघा. वरून चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहतेय, वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर वाळू द्या. कुंडी बदलताना मुळांवर किंवा कुंडीच्या आतून पांढरा पिठासारखा थर दिसला तर तो मुळांवरचा मिलीबग असू शकतो, ते झाड बाजूला. (गोगलगायी आणि त्यांची अंडी कुंडीच्या बुडाच्या भोकात लपतात, तिथेही बोट घालून बघा.) जुन्या कुंड्या वापरणार असाल तर घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग साध्या पाण्याने धुऊन घ्या. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

बियांचं थोडक्यात

बिया नेणार असाल तर झाडावर पूर्ण पिकलेल्या, सावलीत खडखडीत वाळवलेल्या हव्यात, आणि कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये जरा जरी ओल राहिली तरी बुरशी. टोमॅटोच्या बिया गरासकट दोन-तीन दिवस भांड्यात आंबवायच्या, भोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन वाळवायच्या. हायब्रीड एफ-वन (दोन जातींच्या संकराची पहिली पिढी) रोपाच्या बियांतून तसंच झाड येईल याची खात्री नसते, ते पाकिटावर लिहा. भोपळ्यांच्या जाती शेजारी शेजारी लावल्या असतील तर त्यांचं आपसात परागीभवन झालेलं असणार, ते पण. आणि वर्ष लिहा, कांद्याच्या बिया वर्षभरातच ढेपाळतात, टोमॅटोच्या चार वर्षं सहज चालतात.

लेबल

लेबल नसलेलं झाड म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्याला ताप. प्लास्टिकची पट्टी कापा आणि पेन्सिलीने लिहा, हो पेन्सिलीने, मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते. नाव, शक्य असेल तर शास्त्रीय नाव सुद्धा, कारण मनी प्लांट म्हणून लोक वेगवेगळी झाडं ओळखतात. नाव माहीत नसेल तर "नाव माहीत नाही, वेल, पांढरी फुलं" एवढं प्रामाणिकपणे लिहा, अंदाजाने ठोकून देऊ नका. मग ऊन किती, पाणी किती, कधी लावलं. फुलझाडाचा रंग तर नक्कीच, जास्वंदीच्या पानावरून लाल की पिवळी कळत नाही. "पाणी मध्यम" असं लिहून काही कळत नाही हो, "वरची माती सुकली की" असं लिहा.

विषारी असेल तर मोठ्या अक्षरात. मनी प्लांट, डिफेनबाकिया यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते, घरात रांगतं मूल किंवा मांजर असलेल्याला हे कळायलाच हवं. कण्हेर त्याहून फार धोकादायक आहे, सगळे भाग विषारी आणि परिणाम थेट हृदयावर. मी स्वतः कण्हेर स्वॅपला नेत नाही.

शेवटचा आठवडा आणि निघायचा दिवस

रोपं सावलीत वाढलेली असतील आणि कार्यक्रम उघड्यावर असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ, आधी तासभर मग वाढवत, बाहेरच्या उजेडाची सवय लावा. पिवळी पानं काढा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. या आठवड्यात खत नको, कुंडी बदलणं नको, छाटणी नको.

पाणी आदल्या दिवशी सकाळी. निघताना घातलं की खोका भिजतो, कुंडी जड होते आणि लेबलवर चिखल.

खोक्यात कुंड्या एकमेकींना टेकवून बसवा आणि मधल्या फटींत चुरगळलेले कागद भरा. उंच रोपाला खालून वर कागदाचा सैल कोन गुंडाळा, पानं मोडत नाहीत. मुळं नसलेली कटिंग न्यायचीच असतील तर बुडाला ओला टिश्यू, त्यावर छोटी प्लास्टिक पिशवी, रबरबँड, आणि लेबलवर स्पष्ट "मुळं नाहीत". सक्युलंटला मात्र ओला टिश्यू नाही, कोरड्या कागदात. बंद गाडीत उन्हात खोका ठेवून जाऊ नका, अर्ध्या तासात पानं उकडतात.

नियम आधी विचारून घ्या. काही ठिकाणी जितकी आणाल तितकी न्या, काही ठिकाणी प्रत्येक झाडामागे कूपन देतात, काही ठिकाणी मोठ्या कुंडीला दोन कूपन. रिकाम्या पिशव्या, पाण्याचा स्प्रे आणि एक्स्ट्रा कोरी लेबलं सोबत असू द्या, कोणीतरी हमखास नाव न लिहिता झाड देतं, तिथल्या तिथे विचारून लिहून घ्या, घरी येईपर्यंत तुम्ही विसरणार.

आणलेली झाडं लगेच आपल्या झाडांत मिसळायची नाहीत. दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत किंवा निदान दूरच्या कोपऱ्यात, दर चार दिवसांनी पानं उलटून बघायची, आणि त्यांना पाणी सगळ्यात शेवटी घालायचं म्हणजे हाताला लागलेलं काही दुसरीकडे जात नाही. कुंडी घाईने बदलू नका, फक्त माती पार चिखल असेल किंवा सडका वास येत असेल तरच. आणि तुमची जी रोपं कोणी घेतली नाहीत, परत आली, ती पण याच कोपऱ्यात ठेवा, दिवसभर दुसऱ्यांच्या झाडांना टेकून बसलेली असतात.